‘ग्लॅमर’ कोणी कोणावर टाकले?

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभारी आहे. आपला आक्षेप असा की, ज्या स्कॉटलंडमध्ये 1563च्या कायद्याने जादूटोण्याला देहदंड ठरवला, तिथल्या जादूच्या शब्दांचा प्रियाराधनाशी संबंध जोडताना मी ‘ग्लॅमर’ या मुळात स्कॉटिश असलेल्या शब्दाचा आजचा अर्थ मागच्या काळावर लादला आणि फसवणुकीला शृंगाराचा मुलामा दिला.

रूपाच्या झगमगाटाशी या शब्दाची सांगड बऱ्याच उशिरा पडली, हे खरेच. कवी अ‍ॅलन रॅम्झी याने 1721 साली दिलेला अर्थ मात्र सरळ नजरबंदीचा आहे: सैतान, मांत्रिक किंवा हातचलाखी करणारे पाहणाऱ्याची दृष्टी फसवतात, तेव्हा ते त्याच्या डोळ्यांवर ‘ग्लॅमर’ टाकतात. त्यानेच पुढे छापलेल्या जॉनी फा या जिप्सी म्होरक्याच्या कथागीतात काही जिप्सी एका उमरावाच्या दाराशी येऊन गातात, त्या उमरावाची पत्नी खाली येते, आणि तिचा देखणा चेहरा दिसताच ते तिच्यावर ‘ग्लॅमर’ टाकून तिला घेऊन जातात. म्हणजे रूप तिचे आणि नजरबंदीही तिच्यावरच; जिप्सी तर शेवटी कबूल करतात की, आम्ही पंधरा जण धडधाकट होतो, पण देखणे नव्हतो. मी आजचा अर्थ लादला असता, तर या ओळींशी तो जुळलाच नसता.

राहिला मुलाम्याचा प्रश्न. काल नवऱ्याशेजारी मऊ बिछान्यात होते, आज कुळाच्या कोठारात निजेन, मग काहीही होवो, असे ती बाई स्वतः म्हणते. हे भारलेल्या माणसाचे बोलणे मला वाटत नाही. ‘ग्लॅमर’ हे माझ्या मते सासरची अब्रू राखणारे स्पष्टीकरण आहे: ती गेली नाही, तिला नेले. (ही बाई म्हणजे कॅसिलिस या उमराव घराण्यातील काउंटेस, ही आख्यायिका टिकत नाही, 1642 साली ती वारल्यावर नवऱ्याने लिहिलेली पत्रे प्रेमाचीच आहेत.) जिप्सींना शिक्षा देण्यासाठी मात्र जादू सिद्ध होण्याचीही गरज नव्हती, 1609च्या कायद्याने त्यांचे जिप्सी असणे एवढाच गुन्हा फाशीला पुरत होता, आणि 1624 साली जॉन फा व त्याच्या साथीदारांना तीच शिक्षा झाली.

‘कॅन्ट्रिप’ या जादूच्या दुसऱ्या स्कॉटिश शब्दाला आपण यात ओढले आहे, पण तो शब्द स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सकडे भुताखेतांच्या खोडीचा आहे, प्रियाराधनाशी त्याचे नाते मी जोडणार नाही. त्याऐवजी त्याची हॅलोविनवरील कविता पाहावी: मुली आपल्या आणि प्रियकराच्या नावाने दोन हेझलनट विस्तवात ठेवतात, शांतपणे जोडीने जळले तर लग्न जमते, एखादे फुटून उडाले तर बिनसते. ती कविता 1786 साली छापली गेली. 1563चा कायदा, ज्यात जादूचा सल्ला घेणाऱ्यालाही मृत्यूची शिक्षा होती, त्याआधीच, 1736 साली, रद्द झाला होता.