‘पेइंग गेस्टला करार लागत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पुण्यात विद्यार्थ्यांना, त्यांच्या पालकांना, परीक्षेला आलेल्या मुलांना थोड्या दिवसांसाठी फ्लॅट देणाऱ्यांनी काय पाहावं, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “पेइंग गेस्टला करार लागत नाही, हे कायद्यातच आहे. चार दिवसांच्या पाहुण्यासाठी रजिस्ट्रेशन, हजारोंचा भुर्दंड, असं सांगून तुमच्यासारखे लोक सामान्य माणसाला घाबरवतात आणि आपली दुकानं चालवतात.” पुढे सोसायटी, जीएसटी, परदेशी पाहुणा उतरल्याची माहिती सरकारला कळवायचा सी-फॉर्म, असंही बरंच आहे.

आधी ‘दुकाना’बद्दल. भाडेकरार नोंदवणं हा माझा व्यवसाय आहे आणि तो मी कधी लपवलेला नाही. ही कलमं मला रोज वापरावी लागतात, म्हणूनच त्यांवर लिहितो. मुद्दा खोडायचा तर जरूर खोडा, पण माणसाच्या पोटापाण्यावर घसरायचं कारण नव्हतं. हा सूर मला अजिबात आवडलेला नाही.

सी-फॉर्मच्या पोर्टलवर नवं खातं मंजूर व्हायला वेळ लागतो, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. म्हणूनच जाहिरात टाकण्याआधी खातं काढून ठेवायचं. पाहुणा दारात आल्यावर हातात २४ तासच असतात.

आता तुमचं पहिलं वाक्य. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ७(५) मध्ये ‘लायसन्सी’ची, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याची, व्याख्या आहे आणि तिच्यातून पेइंग गेस्ट वगळलेला आहे. इथवर तुम्ही बरोबर. पण त्याच कलमात पेइंग गेस्टचीही व्याख्या आहे, ती तुम्ही वाचलेली दिसत नाही. ज्या जागेत मालक स्वतः राहतो, त्याच जागेचा काही भाग ज्याला राहायला दिला, तो पेइंग गेस्ट. मालक राहणार कर्वेनगरला आणि मॉडेल कॉलनीतला अख्खा टू बीएचके किल्लीसकट दुसऱ्याच्या हातात देणार, तर तो दुसरा माणूस पेइंग गेस्ट होत नाही. जाहिरातीत ‘पीजी’ लिहिलं तरी होत नाही.

मग तो कोण? लायसन्सी म्हणाल, तर कलम ५५ लागतं : करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नाही, तो गेस्ट हाउसमधला पाहुणा म्हणाल, तर हॉटेल, लॉज, गेस्ट हाउस हेही ७(५) मधून वगळलेले आहेत खरे. पण मग राहत्या इमारतीत गेस्ट हाउस चालवतो, हे तुम्हीच कबूल केलंत. सोसायटीच्या कमिटीला आक्षेप घ्यायला तेवढं पुरतं. रात्रीच्या दरासकट पुरावा तुमच्याच जाहिरातीत असतो.

खरा फटका दंडाचा नसतो. परीक्षेसाठी तीन आठवडे आलेला मुलगा निकालापर्यंत थांबतो म्हणतो. करार नोंदलेला नसेल, तर कलम ५५(२) प्रमाणे जागा कोणत्या अटींवर घेतली याबद्दल त्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवणं तुमच्यावर येतं. हातात काय असतं? व्हॉट्सॲपवरचं ‘ओके काका, २५ ला निघतो’. करार असेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, लेखी करार हाच निर्णायक पुरावा ठरतो आणि मुदतीनंतरच्या दिवसांची भरपाई दुप्पट दराने मागता येते.

‘हजारोंचा भुर्दंड’ही तपासू. ११ महिने, भाडं २०,०००, परत करायची अनामत १ लाख. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के : एकूण भाड्यावर, अधिक अनामतीवर धरलेल्या १० टक्के व्याजावर. ते ६०० रुपयांच्या घरात जातं. शहरात नोंदणी फी १,०००. घरमालक एका रात्रीचे याहून जास्त घेतात.

आणि चार दिवसांच्या पाहुण्याचा करार नोंदवा, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. कृपा करून लेख पुन्हा वाचा. चार-चार दिवसांनीच द्यायचं असेल तर राहत्या घरातली खोली द्या, असं लिहिलं आहे. केंद्र सरकारच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेतही मालकाने कुटुंबासह तिथेच राहणं ही अट आहे आणि खोल्या जास्तीत जास्त सहा.

बाकीचं थोडक्यात. मालक स्वतः राहत नसेल तर लागणारं बिनभोगवटा शुल्क सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेऊ शकते, मनाला येईल तेवढं नाही. सलग ९० दिवस आणि माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या निवासाला जीएसटी माफ आहे; त्याहून कमी मुक्कामाला ही माफी नाही. महापालिकेच्या मिळकतकरातली ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यासाठी आहे. पीटी-३ अर्ज भरून ती घ्यायची आणि तोच फ्लॅट भाड्याने द्यायचा, हे चालणार नाही.

एवढं लांबलचक लिहिलंत, पण तुमच्या त्या फ्लॅटमध्ये तुम्ही स्वतः राहता की नाही, हे कुठेच सांगितलेलं नाही. ते कळवा, मग पुढचं बोलू.