गिझरला एमसीबी आहे, तरी आरसीसीबी हवाच

'गिझरला स्वतंत्र एमसीबी बसवला की धोका संपला' असं एका लेखात वाचलं, पण ते अर्धंच खरं. एमसीबी म्हणजे लोड वाढला किंवा शॉर्ट सर्किट झालं की आपोआप बंद होणारा स्विच. तो वायर वाचवतो, माणूस नाही. अंगातून ३० मिलीअँपियरपेक्षा जास्त करंट गेला तर जिवावर बेतू शकतं, आणि १६ अँपियरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलीअँपियरचा आरसीसीबीच लागतो, म्हणजे करंट बाहेर गळाला की वीज तोडणारा स्विच.

२ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपियर घेतो, ३ किलोवॅटचा १३. पहिल्याला २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, दुसऱ्याला ४ची. थेट डीबीपासून (घरातल्या मुख्य स्विचच्या डब्यापासून), मध्ये जोड न देता. सॉकेट पिवळट पडलं असेल तर बहुधा आतला स्क्रू ढिला आहे. नुसतं सॉकेट बदलू नका, वायरचं जळकं टोक कापून नव्याने आवळायला सांगा.

बोअर किंवा टँकरच्या जड पाण्याने गिझरमधल्या पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर क्षाराचा थर बसतो, आवरण तडकतं आणि करंट पाण्यात उतरतो. अर्थिंग धड असेल तर आरसीसीबी तत्क्षणी पडतो, म्हणजे वीज तोडतो. नसेल तर तो पडायला कुणीतरी नळाला हात लावावा लागतो! पेठांतल्या जुन्या वायरिंगमध्ये सॉकेटच्या मोठ्या, म्हणजे अर्थिंगच्या भोकामागे कधी वायरच नसते, कधी ती न्यूट्रलला जोडून दिलेली असते. हा दुसरा उद्योग जास्त घातक: न्यूट्रल तुटला की गिझरची बॉडीच लाइव्ह. आणि हो, आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, पण त्याने अर्थिंग तपासलं जात नाही. ते वायरमनकडून वेगळं मोजून घ्या.