गरिबी, गुन्हा आणि नकाशावरचे ठिपके

गुन्ह्याची बातमी आली की दोन निकाल तयारच असतात. एक गट म्हणतो, 'संस्कारच नाहीत.' दुसरा म्हणतो, 'गरिबी करायला लावते.' पहिल्याशी मी वाद घालत बसत नाही. दुसऱ्याचा मात्र राग येतो, कारण तो समाजशास्त्राचा हवाला देतो आणि समाजशास्त्र तसं म्हणतच नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनचा १९३८ चा लेख घ्या. हा स्वतः फिलाडेल्फियातल्या गरीब स्थलांतरित घरातला मुलगा. त्याचं म्हणणं असं की अमेरिकेत श्रीमंत होण्याचं स्वप्न सगळ्यांना सारखंच शिकवलं जातं, पण तिथे पोचायचे सरळ रस्ते काहींनाच मिळतात. या दोहोंमधल्या अंतराचा ताण माणसाला वाकड्या वाटेला लावतो. नुसती गरिबी नव्हे. त्याच लेखात तो आग्नेय युरोपचा दाखला देतो: तिथेही गरिबी आहे, पण गुन्ह्याशी तिचं नातं अमेरिकेइतकं घट्ट नाही. वर चढायची संधी तिथे कमीच, पण 'तूही लखपती होशील' असं गरिबाला कोणी ऐकवतही नाही.

आणि ताणाखालचा प्रत्येक जण काही गुन्हेगार होत नाही. बहुतेक लोक निमूट नियम पाळतात. काही स्वप्न सोडून देतात, पण नियम मात्र घट्ट धरून ठेवतात, आयुष्यभर. (हा प्रकार आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे.) मर्टनचा रोख मला तरी गरिबापेक्षा त्या समाजावर दिसतो, जो कमाई किती ते विचारतो आणि कशी ते विचारत नाही. असा प्रश्न न विचारण्याचा फायदा वरच्या मजल्यावरच्यांनाही होतोच की!

याहून मला भावतात ते शिकागोचे संशोधक क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके. बालन्यायालयात आलेल्या प्रत्येक मुलाचं घर कुठे, हे त्यांनी शहराच्या नकाशावर ठिपक्यांनी मांडलं. काही दशकांच्या नोंदी अशा तपासल्या. शहराच्या मध्याला लागून असलेल्या पट्ट्यात ठिपक्यांची दाटी. घरं मोडकळीला आलेली, कारण आज ना उद्या इथे कारखाना किंवा दुकानं येतील आणि जागेला भाव मिळेल, या आशेवर बसलेला मालक डागडुजी कशाला करील? भाडं स्वस्त, म्हणून नवा आलेला स्थलांतरित आधी तिथेच उतरायचा आणि चार पैसे गाठीला आले की निघून जायचा. आधी जर्मन, आयरिश, मग पोलिश, इटालियन. माणसं बदलत गेली, ठिपक्यांची दाटी तिथेच राहिली. जे कुटुंब बाहेरच्या पट्ट्यात गेलं, त्याच्या समाजाचं गुन्ह्यांचं प्रमाणही उतरत गेलं. 'ती जमातच तशी' म्हणणाऱ्यांना याहून सणसणीत उत्तर मी तरी वाचलेलं नाही.

त्यांच्यावरचा आक्षेपही खरा आहे. न्यायालयाच्या नोंदीत गुन्ह्यांइतकंच पोलीस कुठे फिरतात तेही उतरतं. शिवाय वस्ती आपोआप ढासळत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारी नकाशांवर अशा वस्त्या लाल रंगवून कर्जासाठी 'धोक्याच्या' ठरवल्या गेल्या. तो रंग कोणीतरी कचेरीत बसून भरला होता.

पुढे १९९२ मध्ये गुन्हेगारीचा अभ्यासक रॉबर्ट ॲग्न्यूने ताणाची व्याख्या पैशापलीकडे नेली: जवळचं माणूस गमावणं, घरातली मारहाण, शाळेतला छळ, त्यातून साचणारा राग. पटतं, पण मग कशालाही ताण म्हणता येतं, ही अडचण उरतेच.

शिकागोतच १९९७ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ३४३ वस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न अगदी साधे होते. मुलं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील, तर शेजारी काही बोलतील का? जवळच्या अग्निशमन केंद्राचे पैसे कापायची वेळ आली, तर लोक एकत्र येतील का? जिथे उत्तर 'हो' होतं आणि लोकांचा एकमेकांवर भरवसा होता, तिथे हिंसा कमी होती, गरिबीचा फरक हिशेबात धरूनही. पण हा भरवसा सगळ्यात कमी कुठे आढळला? जिथे गरिबी एकवटलेली आणि बिऱ्हाडं सतत बदलणारी.

म्हणूनच गुन्हे वाढले म्हणून 'ती अख्खी वस्ती उठवा' अशी मागणी कोणी केली की मला शॉ-मॅकेंचे नकाशे आठवतात. उठवलेली माणसं पुन्हा स्वस्त भाड्याच्या जागीच जाणार, आणि तिथे त्यांच्या पोराला हटकणारा ओळखीचा शेजारी नसणार.