‘खऱ्या आईबापाला गोळ्या लागत नाहीत’ या संदेशाला उत्तर

आईवडिलांच्या ग्रुपांवर एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. त्याचा आशय साधारण असा: मुलं वाढवताना ताण येणारच, तो काही आजार नव्हे, डिप्रेशनच्या गोळ्यांमागचं सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचं शास्त्र खोटं ठरलंय, या गोळ्यांचं व्यसन लागतं आणि त्या सुटतच नाहीत, माणूस दगड होतो, आणि मुलांवर खरं प्रेम असलेल्या आईबापाला त्यांची गरजच पडत नाही. डॉक्टरांकडे जावं की नाही या विचारात महिनोन्‌महिने अडकलेलं कुणी हे वाचतं आणि आणखी काही महिने गप्प बसतं. मला या मजकुराचा राग येतो तो त्यासाठी.

ताण हा आजार नव्हे, हे खरंच आहे. अपुरी झोप, कामाचा बोजा, मदतीला कुणी नसणं, पैशाची ओढाताण यांवर अँटीडिप्रेसंट, म्हणजे डिप्रेशनची गोळी, हा उपाय नाही. त्या गोळीने कामं कमी होत नाहीत की जोडीदार मध्यरात्री बाळासाठी उठू लागत नाही. पालकत्वाच्या अतिथकव्यावर बेल्जियममधल्या मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलंय आणि तो थकवा नैराश्याहून वेगळा असल्याचं दाखवलंय. अशा थकव्यात माणूस मुलांच्या बाबतीत रिता होतो, पण ऑफिसात किंवा मित्रांत त्याला बरं वाटू शकतं. नैराश्यात सगळंच फिकं पडतं. म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारून पाहावा: दोन दिवस मुलांची जबाबदारी दुसऱ्या कुणी घेतली, पुरेशी झोप मिळाली, तर मी पूर्वीसारखी होते का? उत्तर ‘हो’ असेल, तर आधी मदत आणि झोप मिळवण्याच्या मागे लागावं.

उत्तर ‘नाही’ असेल, किंवा मुलं झोपल्यावरही झोप येत नसेल, जेवणावरची वासना उडाली असेल, आपण नसतो तर घरच्यांचं बरं झालं असतं असं वाटत असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ‘ताण आहे, जाईल’ म्हणणं धोक्याचं आहे. कारण समजतंय म्हणून तो आजार नाही, हा तर्कच चुकीचा. ताणातूनच नैराश्य सुरू होऊ शकतं. डॉक्टर नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली भरून घेतात, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगतात, कारण त्यांच्यातल्या बिघाडानेही माणूस असाच गळून जातो. आणि नैराश्य निघालं तरी लगेच गोळीच, असंही नाही. उपचार कसे करावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सौम्य नैराश्यात सरसकट गोळ्यांनी सुरुवात करू नये. रुग्णाला त्याच हव्या असतील तर गोष्ट वेगळी. तीव्र नैराश्यात मात्र गोळ्या आणि बोलण्यातून होणारे मानसोपचार दोन्ही एकत्र सुचवलेत.

सेरोटोनिनचा मुद्दा २०२२च्या एका शोधनिबंधातून आला. लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र तपासले. सेरोटोनिन कमी झाल्याने नैराश्य येतं याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. ‘मेंदूतलं रसायन कमी पडलंय’ हे सोपं स्पष्टीकरण त्यामुळे सोडून द्यावं. पण औषधांचा उपयोग होतो का, हा प्रश्न त्या निबंधाने तपासलाच नव्हता. तो तपासला २०१८मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणाने: ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण, २१ औषधं. सगळी औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, सरस ठरली, मात्र सरासरी फरक माफक होता. म्हणजे कुणाला खूप फायदा होतो, कुणाला थोडा, कुणाला काहीच नाही, आणि आपण त्यातले कोण हे आधी सांगता येत नाही. पॅरासिटामॉल नेमकं कसं काम करतं हेही अजून पूर्ण उलगडलेलं नाही. तरी त्याने ताप उतरतो.

व्यसन लागत नाही. त्या गोळीची तल्लफ येत नाही, नशेसाठी डोस वाढवत न्यावा लागत नाही. पण अचानक थांबवली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होणं, हा त्रास खरा आहे आणि काही डॉक्टर तो पुरेसा सांगत नाहीत. २०२४च्या एका मोठ्या विश्लेषणात औषध थांबवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना अशी लक्षणं जाणवली. प्लासिबो थांबवलेल्यांतही १७ टक्क्यांना जाणवली. म्हणून डोस हळूहळू उतरवतात. सहसा बरं वाटू लागल्यावर किमान सहा महिने गोळी चालू ठेवतात, मग थांबवायचा विचार करतात. दीर्घकाळ गोळ्या घेतलेल्या लोकांवरच्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत थांबवणाऱ्या ५६ टक्क्यांना वर्षभरात नैराश्य परतलं, चालू ठेवणाऱ्यांत ३९ टक्क्यांना. धोका वाढतो, हे मान्य. पण गोळी थांबवूनही ४४ टक्के लोकांना वर्षभरात नैराश्य परतलं नाही, त्यामुळे ‘सुटतच नाहीत’ हे खोटं.

‘दगड होतो’ या तक्रारीकडे मात्र मी दुर्लक्ष करणार नाही. काहींना खरंच भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात. रडू येत नाही, तसा आनंदही उमटत नाही. लैंगिक इच्छाही कमी होते आणि लाजेपोटी ते कुणी बोलत नाही. डोस कमी करून किंवा औषध बदलून हे अनेकदा सुधारतं. पण नैराश्य स्वतःच माणसाला असं करून ठेवतं. मुलाने उड्या मारत काहीतरी दाखवावं आणि आत काहीच हलू नये, हे गोळी सुरू होण्याआधीच होत होतं का? सुरू करण्याआधी झोप, भूक, राग, मुलांसोबतचे क्षण यांच्याबद्दल चार ओळी लिहून ठेवाव्यात. सहा आठवड्यांनी त्या पुन्हा वाचल्या की चालू ठेवायचं, बदलायचं की थांबवायचं, हे डॉक्टरांशी बोलायला आधार मिळतो.

प्रेमाच्या मुद्द्यावर फार बोलायला नको. प्रेम असूनही न्यूमोनिया होतो. अमेरिकेत २००६मध्ये नैराश्यावर उपचार घेणाऱ्या आया आणि त्यांची मुलं अशा १५१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांत ज्या आया बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांतल्या मानसिक विकारांचं प्रमाण ११ टक्क्यांनी घटलं. ज्या बऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्या मुलांत ८ टक्क्यांनी वाढलं. गोळीनेच मुलं सुधारली असं यातून सिद्ध होत नाही, पण आईने स्वतःवर उपचार घेतले की मुलांचं नुकसान होतं, या समजुतीला तर यातून काहीच आधार मिळत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईलाही पर्याय आहेत. सर्ट्रालिन हे अँटीडिप्रेसंट दुधात फार थोडं उतरतं, म्हणून डॉक्टर बहुधा तेच निवडतात.

खरी भीती जिथे बाळगायला हवी, ते त्या फिरत्या मजकुरात कुठेच नाही. स्वतःला किंवा जवळच्या नातलगाला कधी बायपोलर आजार (कधी खोल उदासी, कधी टोकाचा उत्साह) झाला असेल, कधी काही दिवस झोपेविनाही अचाट उत्साह वाटला असेल, तर ते गोळी लिहून घेण्याआधी सांगायलाच हवं. नुसत्या अँटीडिप्रेसंटने उन्माद उसळू शकतो. पंचवीसपेक्षा कमी वयाच्या आईबापांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने तसा ठळक इशारा २००४मध्ये मुलांसाठी दिला आणि २००७मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. फायदा दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होऊ शकतो. म्हणून पहिली गोळी घेण्याआधीच पुढच्या भेटीची तारीख घ्यावी आणि घरातल्या एका माणसाला सगळं सांगून ठेवावं. जीव द्यावासा वाटला, किंवा मुलाला इजा करण्याचा विचार मनात आला, तर त्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, त्या माणसाला सोबत घेऊन, दवाखान्यात जावं.