पेट्रोलची टाकी उन्हात वाळवून सेफ होत नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

रविवारी पंचवटीत मामांकडे गेले तर गच्चीवर एका बाजूला मामीच्या कुरडया आणि दुसऱ्या बाजूला अँबेसेडरची पेट्रोल टाकी, दोन्ही वाळत घातलेलं. गाडी १९६८ची मार्क टू, आजोबांनी घेतलेली. टाकीच्या खालच्या जोडातून थेंब थेंब गळायला लागलं म्हणून मामांनी स्वतः टाकी उतरवली आणि सोमवारी गल्लीतला ग्रिलवाला येऊन वेल्डिंग मारणार होता. हे सगळं एका फॉरवर्डवरून. तोच मेसेज मला आधी तिघांनी पाठवलाय आणि मी न वाचता सोडून दिला, त्याचंच आता वाईट वाटतंय.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगते. पेट्रोल काढा, टाकी दोन दिवस उन्हात उघडी ठेवा, मग ती पूर्ण सेफ, कुठल्याही वेल्डरकडून टाका मारून घ्या. नाहीतर गळतीवर ओल्यातच एम-सील चेपा, आयुष्यभर टिकेल. तात्पुरतं साबण घासा. टाकी अर्धीच भरत जा. आणि काढलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटल्यांमध्ये भरून ठेवा.

पहिला मुद्दा माणूस मारणारा आहे, म्हणून त्याच्यावरच जास्त बोलणार. पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि ती पण हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली तरच. भरलेल्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की आत हवा पुरत नाही. टाकी रिकामी केली, झाकण उघडं ठेवलं की हवा आत शिरते आणि मिश्रण बरोब्बर त्या धोक्याच्या पट्ट्यात येतं. अँबेसेडरची टाकी पन्नासेक लिटरची, तेवढी जागा पेटण्याजोगी व्हायला किती पेट्रोल लागतं माहितीये? जेमतेम एक छोटा चमचा. एवढं तर जोडाच्या घडीत आणि आतल्या गंजाच्या पापुद्र्याखाली सहज अडकून राहतं, कितीही उपडी करा.

मामांचं म्हणणं, "अगं नाक लावून बघ, वास पण नाहीये." मी सातपूरला फॅब्रिकेशन युनिटमध्ये सेफ्टी बघते, वेल्डिंगचं परमिट माझ्या सहीशिवाय निघत नाही, तर साहेबांना विचारून हवेतली पेटणारी वाफ मोजायचा गॅस मीटर घेऊन आले. टाकीच्या तोंडाशी धरला, शून्य. मामा माझ्याकडे बघायला लागले. मग मामीकडून पातेलंभर उकळतं पाणी घेतलं आणि टाकीवर बाहेरून ओतलं, जोडाच्या बाजूने. दोन मिनिटं पण झाली नाहीत आणि मीटर ओरडायला लागला, आकडा ३८. म्हणजे पेट घेण्याची जी खालची मर्यादा त्याच्या ३८ टक्के, आणि ते नुसत्या गरम पाण्याने. वेल्डिंगच्या ठिणगीखाली पत्रा वितळतो, तिथे अडकलेलं सगळंच वाफ होऊन सुटणार आणि पेटवायला ठिणगी तयारच. आमच्याकडे शून्याच्या वर काहीही आलं तर परमिट मिळत नाही.

आणि हे माझ्या मनाचं नाहीये. अमेरिकेच्या ओशाचा, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षा खात्याचा, १९१०.२५२ नंबरचा वेल्डिंगचा नियम आहे, त्यात सरळ लिहिलंय की वापरलेल्या टाक्या, ड्रम, पिंप यांना आत पेटणारं काहीच उरलं नाही याची पूर्ण खात्री होईल इतकं साफ केल्याशिवाय वेल्डिंग, कटिंग काहीच करायचं नाही. उन्हात ठेवणं म्हणजे साफ करणं नव्हे.

बाकीचे मुद्दे पटकन. साबणाचं मात्र खरंय, मान्य करावं लागेल. साध्या वडीचा साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, बारीक पाझरावर घासला तर गॅरेजपर्यंत पोचायला पुरतो. पण तेवढंच. एम-सील ओल्या पत्र्यावर धरतच नाही, पत्रा घासून चकचकीत कोरडा केला तर काही दिवस निघतील, आयुष्यभर वगैरे काही नाही. त्यात आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल कितीतरी जुनी सीलंटं मऊ करतं आणि पाणी ओढून घेतं, ते पाणी तळाला साचून टाकी आतून गंजते. अर्धी टाकी ठेवून गळणं थांबेल ते भोक वरच्या भागात असेल तर, मामांचं तर तळाला होतं.

बाटल्यांचं मात्र सोडवत नाही. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यात लायसन्सशिवाय घरी ठेवायच्या पेट्रोलला ३० लिटरची मर्यादा आहे, ते पण घट्ट बुचाच्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या एक लिटरपर्यंतच्या भांड्यात, नाहीतर २५ लिटरपर्यंतच्या धातूच्या डब्यात. प्लॅस्टिकचं नावच नाही. मामांनी खाली बोळात टाकी उतरवून सहा बाटल्या भरल्या, आणि चार पावलांवर तुळशीपाशी मामीची पणती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड, जमिनीलगत सरपटत जाते, आणि उणे ४० डिग्रीच्या आसपास पण पेटण्याइतकी सुटते, म्हणजे निफाडची थंडी सुद्धा तिला अडवत नाही. त्या दिवशी पणती लावायच्या आधी काम संपलं म्हणून निभावलं.

ग्रिलवाल्याला मी स्वतः फोन करून नको म्हटलं. बिचाऱ्याला टाकी पेट्रोलची आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं, तो पाण्याची समजून येणार होता. आता टाकी एका रेडिएटरवाल्याकडे जातेय, तो गरम कॉस्टिक सोड्याने आतून धुऊन वाफ देतो, मग मी परत मीटर लावणार, गरम करून पण, आणि शून्य आला तरच तो ज्योत न लावता सोल्डरिंगच्या इस्त्रीने डाख मारेल. तळाचा पत्रा फारच खाल्लेला निघाला तर नवीन टाकी बनवून घ्यायची असं मामांनी कबूल केलंय. बाटल्यांमधलं पेट्रोल पत्र्याच्या डब्यात गेलं. मेसेज मामांनी ज्या दोन ग्रुपवर टाकला होता तिथून काढलाय, तुमच्याकडे आला असेल तर तुम्ही पण काढा.