ताई, तिला गाडीत झोपायला सांगू नकोस

गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर ताईने एक मेसेज टाकला. ‘टेस्लाची ७ सत्यं, जी मीडिया तुम्हाला सांगणार नाही.’ असले मेसेज मी वाचत नाही, अंगठा आपोआप पुढे सरकतो. पण त्याखाली ताईने लेकीला, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या माझ्या भाचीला, लिहिलं होतं: ‘बघ गं, तुझी गाडी आपली आपण चालते म्हणे. रोज रात्री एवढी दमून येतेस, तर येताना तेवढीच डुलकी काढत जा.’

त्यावर तीन अंगठे आणि एक जोडलेले हात. बारा माणसांच्या ग्रुपमध्ये एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. म्हणून हा उद्योग.

मेसेजमधली सात सत्यं थोडक्यात अशी. एक, इलॉन मस्कने गॅरेजमध्ये एकट्याने विजेच्या गाड्यांची ही कंपनी उभी केली. दोन, सरकारचा एक डॉलरही घेतला नाही. तीन, गाडी पूर्णपणे स्वतः चालते, चालक झोपला तरी हरकत नाही, अमेरिकन सरकारनेच तपासून तसं मान्य केलंय आणि अपघात शून्य. चार, विक्री दरवर्षी दुप्पट. पाच, बॅटरी जन्मभर टिकते आणि पेट घेऊच शकत नाही. सहा, तुम्ही झोपेत असताना तुमची गाडी टॅक्सी बनून पैसे कमावून आणते. सात, शेअर कधीच पडत नाही, निवृत्तीचे पैसे इथेच लावा. शेवटी अर्थातच ‘दहा जणांना पाठवा’.

क्रमाने जाण्याइतका धीर मला नाही. आधी तिसरं.

‘अमेरिकन सरकारने तपासलं’ एवढं खरं आहे. तपासलंच. अमेरिकेत रस्तासुरक्षा पाहणारी एनएचटीएसए नावाची केंद्रीय संस्था आहे. टेस्लाच्या गाड्या ऑटोपायलट, म्हणजे चालकाला मदत म्हणून गाडी आपोआप हाकणारी सोय, चालू असताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या अग्निशमन आणि पोलिसांच्या गाड्यांवर जाऊन आदळत होत्या, म्हणून २०२१च्या ऑगस्टमध्ये तिने चौकशी लावली. ती एप्रिल २०२४मध्ये संपली. तिच्या समारोपाच्या टिपणात काय आहे, ते मेसेज लिहिणाऱ्या महाशयांनी वाचलेलं दिसत नाही.

९५६ अपघातांच्या नोंदी तपासल्या. त्यातल्या २११मध्ये टेस्ला समोरच्या वाहनावर किंवा अडथळ्यावर नाकासमोर जाऊन धडकली होती. या २११ अपघातांत १४ माणसं मेली. आणि ज्या १०९ अपघातांची पुरेशी माहिती मिळाली, त्यातल्या ५९मध्ये समोरचा धोका धडकेआधी पाच सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ दिसत होता. त्यातही १९मध्ये दहा सेकंद किंवा जास्त.

दहा सेकंद म्हणजे किती, ते ताईला फोनवर मोजायला लावलं. एक... दोन... तीन... सहापर्यंत आल्यावर ती गप्प झाली. एवढा वेळ समोर गाडी उभी दिसतेय आणि ब्रेकवर पाय जात नाही. का? कारण बसलेल्या माणसाचं लक्ष नव्हतं. त्याला वाटत होतं, गाडी बघतेय. संस्थेचा आक्षेप नेमका हाच होता की चालकाचं लक्ष रस्त्यावर ठेवण्याची या गाडीतली व्यवस्था कमकुवत आहे आणि नाव मात्र भलतीच आशा लावणारं. डिसेंबर २०२३मध्ये याच कारणासाठी २० लाखांहून जास्त गाड्यांचा रिकॉल झाला. गाड्या परत बोलवाव्या लागल्या नाहीत, सॉफ्टवेअर इंटरनेटवरूनच बदललं. पण कागदोपत्री तो रिकॉलच. तोवर अमेरिकेत विकलेल्या जवळपास सगळ्या टेस्ला त्यात आल्या. याला ‘मान्यता’ म्हणायचं असेल, तर वर्गाबाहेर उभं केलेल्या पोराला खास जागा मिळाली असंही म्हणता येईल.

अर्धं खरं कबूल करतो, नाइलाजाने. ऑटोपायलट आणि त्याचा मोठा भाऊ ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ या दोन्ही गोष्टी थक्क करणाऱ्या आहेत. भाची सांगते, ऑफिसच्या पार्किंगमधून घराच्या दारापर्यंत गाडी सिग्नल पाहते, लेन बदलते, वळते; कित्येक दिवस तिला स्टिअरिंगला हात लावावा लागत नाही. पण आरशाच्या वर एक छोटा कॅमेरा आहे, तो तिच्या डोळ्यांकडे बघत असतो. फोनकडे नजर गेली की गाडी टणटण करते. ऐकलं नाही तर ती सोय त्या फेरीपुरती बंदच होते. म्हणजे मेसेज म्हणतो झोपा, आणि खुद्द गाडी म्हणते डोळे उघडे ठेव बाई. कोणाचं ऐकायचं?

कंपनीचंही म्हणणं तेच आहे, फक्त बारीक अक्षरात. २०२४पासून या सोयीचं अधिकृत नाव ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग (सुपरवाइज्ड)’ असं आहे. म्हणजे गाडी पूर्णपणे स्वतःची स्वतः चालते, तुमच्या देखरेखीखाली. ‘एकटाच राहतो (आई-वडिलांसोबत)’ असं म्हटल्यासारखं. कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाने २०२२मध्येच या नावांवर दिशाभुलीचा ठपका ठेवला होता, आणि डिसेंबर २०२५मध्ये तिथल्या प्रशासकीय न्यायाधीशांचा निकालही विभागाच्या बाजूने लागला.

शून्य अपघातांचं काय म्हणायचं? फ्लोरिडात २०१९मध्ये एका चालकाच्या हातून फोन खाली पडला. तो उचलायला तो वाकला. गाडी ऑटोपायलटवर होती, रस्ता पुढे संपत होता, आणि रस्त्याकडेला उभ्या गाडीजवळ एक बावीस वर्षांची मुलगी उभी होती. ती गेली. २०२५च्या ऑगस्टमध्ये मायामीतल्या ज्युरीने चालकाला मुख्य दोषी धरलं, पण एक तृतीयांश दोष टेस्लाच्याही पदरात टाकला आणि कंपनीला २४ कोटी ३० लाख डॉलर भरायला सांगितले. चालकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता, त्याने स्वतःच यंत्रणेवर मात केली, असा कंपनीचा बचाव होता, आणि पायाची गोष्ट खरीही आहे. ज्युरीला ती पुरेशी वाटली नाही. ताईला मी एवढंच म्हटलं, तो माणूस झोपलासुद्धा नव्हता गं, फक्त वाकला होता.

आता उरलेली सत्यं. यांच्यात फार दम नाही.

मस्कने कंपनी काढली नाही. मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टारपेनिंग यांनी ती जुलै २००३मध्ये नोंदवली. मस्क २००४मध्ये मोठा गुंतवणूकदार म्हणून आत आला, अध्यक्ष झाला, २००८मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी. पुढे ‘संस्थापक’ कोणाला म्हणायचं यावरून कज्जा झाला आणि २००९च्या तडजोडीत पाच जणांना तो मान मिळाला. कंपनी जगवली मस्कने, हे मात्र त्याचे शत्रूही नाकारत नाहीत. मॉडेल ३ या गाडीचं उत्पादन वाढवण्याची धडपड चालू असताना दिवाळं निघायला महिनाभर उरला होता, हे त्यानेच नंतर सांगितलंय.

सरकारचा डॉलर? अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१०मध्ये ४६ कोटी ५० लाख डॉलरचं कर्ज दिलं. ते टेस्लाने २०१३मध्ये, मुदतीच्या नऊ वर्षं आधी, व्याजासकट फेडलं. याबद्दल कौतुक करायला माझी हरकत नाही. पण खरी मदत कर्जाची नव्हतीच, ती क्रेडिटची. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत प्रत्येक गाडी कंपनीला ठराविक प्रमाणात धूर न सोडणाऱ्या गाड्या विकाव्या लागतात. ज्यांना जमत नाही, त्यांनी दुसऱ्याकडची जास्तीची क्रेडिट विकत घ्यायची. टेस्लाकडे नुसत्या विजेच्याच गाड्या, म्हणजे क्रेडिटचा ढीग. टेस्लाला पहिल्यांदा पूर्ण वर्षाचा नफा झाला तो २०२०मध्ये, ७२ कोटी डॉलर. त्याच वर्षी क्रेडिट विकून मिळालेले पैसे होते १५८ कोटी. वजाबाकी तुम्हीच करा. २०२४मध्येही सुमारे ७१० कोटींच्या नफ्यामागे २७६ कोटींची क्रेडिट होती.

हा सगळा खेळ नियमांवर चालतो, आणि नियम बदलले. २०२५च्या जुलैमधल्या कायद्याने इंधन-कार्यक्षमतेचे केंद्रीय निकष न पाळणाऱ्या कंपन्यांचा दंड शून्यावर आणला, मग त्या निकषांपायी क्रेडिट विकत घेणार कोण? ग्राहकाला मिळणारी ७,५०० डॉलरची करसवलतही ३० सप्टेंबरला संपली. संपण्याआधी झुंबड उडाली; त्या तिमाहीत ४ लाख ९७ हजार गाड्या गेल्या, हा कंपनीचा विक्रम. पुढच्या तिमाहीत ४ लाख १८ हजार. ज्या कंपनीने सरकारचा डॉलर घेतलाच नाही, तिची विक्री डॉलर थांबल्यावर का पडते?

याच ओघात चौथं सत्य. २०२३मध्ये १८ लाख ८ हजार गाड्या, २०२४मध्ये १७ लाख ८९ हजार, २०२५मध्ये १६ लाख ३६ हजार. याला दुप्पट म्हणत नाहीत. चीनच्या बीवायडीने २०२५मध्ये निव्वळ विजेच्या साडेबावीस लाख गाड्या विकून पहिला नंबर काढून घेतला. कारणं अनेक: चिनी कंपन्यांची स्वस्ताई, टेस्लाची तीच ती मॉडेलं, सायबरट्रक या तिच्या पिकअप गाडीचा फुसका बार, आणि मस्कचं राजकारण. २०२५मध्ये तो ट्रम्प सरकारात खर्चकपातीची कुऱ्हाड घेऊन बसला तेव्हा युरोपात विक्री आपटली आणि शोरूमसमोर निदर्शनं झाली. ज्या गिऱ्हाइकाला पर्यावरणाची चाड म्हणून ही गाडी हवी होती, त्यालाच त्याने दुखावलं. धंद्यात असा मुहूर्त साधायला वेगळंच कसब लागतं.

पण ‘टेस्ला बुडाली’ म्हणणारे मेसेजही फिरताहेत, तेही तितकेच फोल. २०२३मध्ये टेस्लाची मॉडेल वाय ही जगात सर्वाधिक खपलेली गाडी होती. टेस्लाच्या चार्जिंगचा प्लग फोर्ड आणि जनरल मोटर्सनेही स्वीकारला. वीज साठवणाऱ्या मोठ्या बॅटऱ्यांचा धंदा २०२४मध्ये एका वर्षात दुपटीहून वाढला. महाशयांना ‘दुप्पट’ शब्द वापरायचाच होता तर हा आकडा समोर होता.

बॅटरीचं दोन ओळींत. कंपनी आठ वर्षांची वॉरंटी देते, आणि क्षमतेबद्दलची हमी तर ‘७० टक्क्यांच्या खाली जाणार नाही’ एवढीच. जन्मभराची हमी तिने दिलेली नाही. पेट्रोलच्या गाड्यांच्या मानाने विजेच्या गाड्या कमी पेटतात, हे खरं. पण पेटल्या की विझवताना अग्निशमनवाल्यांच्या नाकी नऊ येतात, कारण विझलेली बॅटरी तासांनीही पुन्हा भडकू शकते.

सहावं वाचून मात्र मला हसूच आलं. एप्रिल २०१९मध्ये मस्कने जाहीर सांगितलं होतं की पुढच्या वर्षी रस्त्यावर दहा लाख रोबोटॅक्सी असतील. त्याआधी २०१६मध्ये म्हणाला होता, २०१७ संपायच्या आत गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला आपली आपण जाईल. प्रत्यक्षात रोबोटॅक्सी सुरू झाली २२ जून २०२५ला, ऑस्टिन शहरात, मोजक्या गाड्या घेऊन. गाड्या कंपनीच्या, आणि शेजारच्या सीटवर कंपनीचाच माणूस लक्ष ठेवायला बसलेला. चालकाविना टॅक्सी अशक्य आहे असं मुळीच नाही, गूगलच्या घराण्यातली वेमो फीनिक्समध्ये २०२०पासून ती चालवतेच आहे. पण मेसेजमध्ये लिहिलंय ‘कमावून आणते’. ‘आणणार आहे म्हणतात’ असं लिहिलं असतं तर मी एक अक्षर बोललो नसतो. अख्ख्या मेसेजची हीच चलाखी आहे: मस्कचा भविष्यकाळ उचलायचा आणि वर्तमानकाळ करून पुढे ढकलायचा. खुद्द मस्कने जानेवारी २०२५मध्ये मान्य केलं की जुन्या गाड्यांतला संगणक याला पुरणार नाही, बदलावा लागेल. त्या गाड्या ‘स्वतः चालण्यासाठी लागणारं सगळं आत आहे’ असं सांगून विकल्या होत्या.

राहिला शेअर. भाऊजींनी मला खासगीत विचारलं, ‘सातव्या मुद्द्याचं काय? थोडे टाकू का?’ निवृत्त माणूस, आयुष्यभर हिशेब लिहिलेला, आणि ‘कधीच पडत नाही’ वाचून त्यांच्याही तोंडाला पाणी सुटलं. २०२२ या एका वर्षात हा शेअर सुमारे ६५ टक्के पडला. शंभराचे पस्तीस. नंतर तो पुन्हा चढला, हेही खरं; ज्याला वाट बघता आली त्याचे पैसे वाढले. पण हा शेअर गाड्यांच्या विक्रीवर कमी आणि एका माणसाच्या बोलण्यावर जास्त हलतो. ७ ऑगस्ट २०१८ला त्याने ट्वीट केलं की ४२० डॉलरने सगळे शेअर घेऊन कंपनी खासगी करतोय, पैशाची सोय झालीय. सोय झाली नव्हती. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने मस्क आणि कंपनी दोघांकडून प्रत्येकी २ कोटी डॉलर वसूल केले आणि त्याला तीन वर्षं अध्यक्षपद सोडायला लावलं. भाऊजींना म्हटलं, घ्यायचे तर घ्या, पण गेले तरी रात्री झोप लागेल एवढेच घ्या. ते म्हणाले, मग राहू दे.

ताईने मेसेज ग्रुपवरून काढला. भाचीला वेगळा फोन करून ‘डोळे उघडे ठेव गं’ असंही सांगितलं. पण तोवर तिने तो इमानेइतबारे दहा जणांना पाठवलेला होता. मी नावं मागितली आहेत. सहा सांगितली, चार आठवत नाहीत म्हणते.