तणाचे लाड

सॅन होजेत लॉन हिरवं ठेवायचं तर पाण्याचं बिल बघून आपल्यालाच घशाला कोरड पडते, म्हणून लॉन काढून तिथे इथलंच मिल्कवीड लावायचं ठरवलं, ते बारीक पानांचं, म्हणजे आपल्या रुईची चुलत बहीणच. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या ह्या कुळाशिवाय काही खात नाहीत, आणि 2020च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मोनार्क मोजले तर 2000पण भरले नव्हते (एकेकाळी लाखोंनी यायचे), त्यामुळे मला पुण्य कमवायची हुक्की आली.

पण बाईसाहेबांचं बी नुसतं पेरून धड उगवत नाही. त्यांना आधी खोटा हिवाळा दाखवायचा, ओल्या पेपर टॉवेलात गुंडाळून महिनाभर फ्रीजमध्ये. नेमकी आई आलेली. रोज फ्रीज आवरताना पिशवी बाहेर. "अगं हे काय कुजवतेयस?" मग मावशीला फोनवर, "हिच्याकडे कोथिंबिरीला जागा नाही आणि रुईचं बी थंड हवा खातंय! आपल्याकडे उकिरड्यावर फुकट उगवते, शनिवारी मारुतीला माळ घातली की संपलं."

उगवलं. पण पहिलं वर्ष वर नुसत्या काड्या, सगळा जीव खाली मुळं करण्यात, आणि दुष्काळातलं झाड म्हणे, तरी मुळं धरेपर्यंत पाणी आपणच घालायचं! नर्सरीत आईला लाल-पिवळ्या फुलांचं हळदीकुंकू दिसलं, म्हणजे मिल्कवीडचीच दुसरी जात, "हे घे की, किती गोड". ते इथलं नाही, थंडीत वाळत नाही, त्यामुळे मोनार्कचा एक परजीवी त्याच्या पानांवर साठत जातो, हे सगळं समजावल्यावर उत्तर आलं, "म्हणजे दिसायला बरं ते नको, काटकुळं ते फ्रीजमध्ये."

पुढच्या वर्षी पिवळाधमक मावा पडला. औषध मारलं तर अळ्या मरणार, म्हणून पानाखाली अंडी नाहीत ना हे बघत चिमटीने चिरडत बसायचं, चिकाने बोटं चिकट, आणि तो चीक डोळ्याला लागला की संपलंच, म्हणजे नाक खाजलं तरी खाजवायचं नाही. मग अळ्या आल्या, काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, आणि असल्या खादाड की चार दिवसांत झाड भादरलं, अळ्या तशाच उपाशी, मग फ्रीमॉंटच्या मैत्रिणीकडे विरजण मागावं तशी पानं मागायला गेले. ती म्हणाली धुवून देऊ का?

उरल्यासुरल्या झाडांना शेंगा धरल्या. परवा त्या फुटल्या आणि सगळा कापूस शेजाऱ्यांच्या रेशमी लॉनवर जाऊन बसला. त्यांनी अजून काही विचारलेलं नाही, मीही विषय काढत नाहीये.